हनुमानच्या दाढीचा तिसरा हिवाळा

निसर्गानं माणसाच्या चेहऱ्यावर जे जे बसवून दिलं आहे, त्यात निष्ठा दाखवायला दाढीइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. नाक मनासारखं वाढवता येत नाही. कान वाढवून कोणाचा फायदा झाल्याची नोंद सापडत नाही. भुवया वाढवल्या तर कोणताही नेता त्याची दखल घेत नाही. दाढीचं तसं नाही. ती माणसानं काहीही न करता वाढते; आणि काहीही न करता जे वाढतं, त्याला आपल्याकडे निष्ठा म्हणायची पद्धत आहे.

चौसाळ्याच्या हनुमानला हे वयाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. त्याचं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्डात नाव वाढवणे, रेशनकार्डातून नाव कमी करणे (ही दोन्ही कामं बहुधा एकाच सुनेची असत) असे अर्ज भरून भरून त्याचा मेंदू रकान्यांचा झाला होता. तो विचारही अनुक्रमांक टाकून करायचा.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, त्या भागातल्या दूध संघाच्या चेअरमनपदाची निवडणूक झाली. मत द्यायला नऊ संचालक. त्यात सुंदररावआण्णा एका मतानं पडले (ते मत त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं होतं). संध्याकाळी मांजरसुंब्याच्या एका धाब्यावर शोकसभा भरली. शेवभाजी संपत आली तेव्हा हनुमान उठला आणि म्हणाला, "जोवर आण्णा चेअरमन होत न्हाईत, तोवर आपण दाढीला वस्तरा लावणार न्हाई."

आता अशा वेळी शेजारच्या माणसानं 'बस खाली' म्हणायचं असतं. पण शेजारी पप्पू होता. तो म्हणाला, "मी बी न्हाई." मग आणखी नऊ जण 'मी बी' म्हणाले, धाब्याच्या मालकानं टाळी वाजवली आणि 'सुंदरआण्णा निष्ठावंत दाढी मंडळ' स्थापन झालं. हनुमान अध्यक्ष, पप्पू सचिव आणि व्हॉट्सअॅप गटाचा ॲडमिन.

मंडळ म्हटलं की अर्ज आला. हनुमाननं एका बैठकीत अर्ज तयार केला. रकाने पुढीलप्रमाणे : (१) नाव, (२) गाव, (३) काय वाढवणार अथवा काय सोडणार, (४) कोणासाठी, (५) कधीपर्यंत, (६) सही अथवा अंगठा, सोबत फोटो दोन. तिसरा रकाना मुद्दाम मोकळा ठेवला होता, कारण ज्यांना दाढी नीट येत नाही त्यांनी चप्पल किंवा चहा सोडला तरी चालेल असं घटनेत म्हटलं होतं. छापखानेवाला पाचशेच्या खाली छापत नव्हता, म्हणून पाचशे अर्ज छापले. अकरा भरले. उरलेले चारशे एकोणनव्वद दुकानाच्या माळ्यावर गेले.

मांजरसुंब्याच्या चौकात हनुमानच्या फोटोचा फ्लेक्सही लागला. तो दीड महिना टिकला, मग वाऱ्यानं फाटला. हनुमानच्या वडिलांनी, बबनरावांनी, तो काढून आणून कडब्याच्या गंजीवर घातला. तेव्हापासून गंजीवर उताणा पडून हनुमान आभाळाकडे बघतो आहे आणि खाली कडबा कोरडा राहतो आहे. "पोराचा इतका तरी उपेग झाला," असं बबनराव आल्यागेल्याला सांगतात. ते फार बोलणारे गृहस्थ नाहीत. वर्षात बोलतात ते एवढंच.

मंडळाची पुढची वाटचाल नोंदवहीत आहे. दिवाळी झाल्यावर अकरापैकी सात सभासद कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. उसाच्या पाचटाची कुसळं अंगात कुठंही गेली तरी माणूस नाचतो. दाढीत गेली तर काय होतं हे ज्याचं त्याला माहीत. सातही जणांनी चौथ्याच दिवशी फडातच दाढ्या उतरवल्या. हनुमाननं त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित. निष्ठा स्थगित' असा शेरा मारला. (काम करणाऱ्या माणसाला निष्ठा परवडत नाही, हे सत्य त्या दिवशी त्याच्या नोंदवहीत आलं होतं, पण त्यासाठी रकाना नव्हता.) उरले चार. गेल्या वर्षी दहा जूनला सकाळी व्हॉट्सअॅप गटावर एक फोटो आला. त्यात पप्पू आणि इतर दोघं तुळतुळीत गालांनी, पेढ्याचा बॉक्स धरून हसत उभे होते. हनुमाननं फोटो बघितला, 'गद्दारांना माफी नाही' एवढं लिहिलं आणि त्याच मिनिटाला गट सोडला. पप्पूचे दोन फोन आले. ते त्यानं घेतले नाहीत. नोंदवहीत तीन नावांवर लाल पेन फिरलं. त्या दिवसापासून पप्पू समोरून आला की हनुमान रस्ता ओलांडायचा. चौसाळ्याला रस्ता म्हणजे हायवे असल्यामुळे यात जिवाला धोका होता. पण निष्ठेपुढे जीव काय.

अशा रीतीनं मंडळ एक सभासदी झालं आणि तिसरा हिवाळा उजाडला.

उन्हाळ्यात दाढी सांभाळणं सोपं असतं. घाम येतो, पाणी मारलं की झालं. पावसाळ्यात ती आपोआप धुतली जाते. हिवाळ्यात दाढी सांभाळणं म्हणजे दुष्काळात जनावर सांभाळणं. चारा-पाणी सगळं बाहेरून आणावं लागतं आणि एवढं करून ते आपल्याकडे रागानंच बघतं. गार वारा सुटला की आधी दाढीखालची कातडी फुटते, मग खाज सुटते, मग कोंडा पडतो. काळ्या शर्टावर तो असा दिसतो की माणूस पिठाच्या गिरणीत कामाला आहे असं वाटावं. सत्तावीस डिसेंबरला हनुमाननं दुकानाच्या आरशात स्वतःच पाहणी केली. निष्कर्ष : एकूण दाढीपैकी एकतीस टक्के कोरडी, बावीस टक्के दुभंगलेली, नऊ टक्के पिवळट (कारण अज्ञात), उरलेली निष्ठावंत. त्यावर त्यानं 'हिवाळी दाढी संवर्धन आराखडा' हाती घेतला. त्यातल्या मुख्य बाबी अशा :

(१) तेल. खोबरेल तेल हिवाळ्यात बाटलीत दगड होतं. उपाय म्हणून हनुमान बाटली काखेत धरून दुकानात बसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "ताप किती हाय?" तो सांगायचा, "अजून पातळ व्हायचंय." निम्मी गिऱ्हाइकं इथूनच परत जायची.

(२) करडईचं तेल. हे थिजत नाही. मात्र ते लावून दुकानात बसलं की दिवसभर लोकांना भूक लागते आणि ते अर्ज अर्धवट सोडून भज्याच्या गाड्यावर जातात.

(३) मफलर. वाऱ्यापासून दाढी झाकणं आवश्यक. मफलर लाल लोकरीचा. लोकर दाढीत अडकते, दाढी लोकरीत अडकते, आणि मफलर काढताना नेमकं काय सुटून आलं हे उजेडात जाऊन बघावं लागतं.

(४) शेकोटी. ऊब हवी म्हणून जवळ जावं तर ठिणगी. उजवीकडचा बोटभर भाग आठ जानेवारीला याच कामी आला. वास दोन दिवस होता. म्हशीनं धार दिली नाही.

(५) आहार. हिवाळा म्हणजे हुरडा. हुरडा दाढीवाल्यानं खाऊ नये. निदान फुंकर मारून खाऊ नये. निदान वाऱ्याकडे तोंड करून तरी फुंकर मारू नये.

हा सगळा आराखडा त्याची आई दगडाबाई चुलीपुढं बसून बघायची. "लेकरा," ती एकदा म्हणाली, "एवढं तेल मी तुला तान्हा असताना बी लावलं न्हाई. इतकं दोडक्याच्या वेलाला केलं असतं तर घरी भाजी तरी आली असती."

"आई, दोडका कोणासाठी थांबत न्हाई. ही थांबलीय."

"ती कुठं थांबलीय? थांबलायस तू."

दगडाबाईंच्या म्हणण्यात अर्थ होता. हनुमानसाठी आधी दोन स्थळं आली होती आणि दाढी बघून गेली होती. पहिल्या मुलीच्या आजीनं तर दारातूनच 'महाराज कधी आले?' असं विचारून पाया पडायची तयारी केली. आता तिसरं स्थळ आलं होतं, आणि आजकाल तिसरं स्थळ येणं म्हणजे बीड जिल्ह्यात दुसरा पाऊस येण्यासारखं. शिरूर कासारची उज्ज्वला. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, पोरगी वसतिगृहात राहून शिकलेली, आणि आता बीडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कंत्राटी नोकरीला. आई-वडील फडावर असल्यामुळे संक्रांतीनंतरच्या रविवारी ती स्वतःच, मंजुळाबाई नावाच्या मावशीला घेऊन, घर बघायला आली.

पोहे आले. उज्ज्वलानं पोह्यांकडं बघितलं नाही. लॅबमध्ये काचेखाली जसं बघतात तसं ती हनुमानच्या दाढीकडं बघत होती.

"ते काय हाय?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"डावीकडं. वरून दुसऱ्या मजल्यावर."

हनुमाननं हात घातला. तीळ निघाला.

"तिळगुळाचा असंल," दगडाबाई घाईनं म्हणाल्या. "सणवार झाला ना परवा."

"आन् त्याच्या खाली लाल हाय ते?"

"लोकर हाय," हनुमान म्हणाला. "मफलरची."

"आन् ते हिरवं?"

दगडाबाईंनी पोह्यांची बशी तिच्यापुढं सरकवली. ते हुरड्याचं होतं, आणि या घरात हुरडा होऊन तेरा दिवस झाले होते, हे पाहुण्या सोडून सगळ्यांना माहीत होतं.

हनुमाननं मग प्रतिज्ञेची हकीकत सांगितली. सांगताना त्याला मधेच खाज सुटली, त्यानं खाजवलं, आणि पोह्यांवर खोबऱ्याच्या जोडीला आणखी काहीतरी पडलं. त्यानं आपली बशी हळूच बाजूला सारली. आपण जगातले पहिले उमेदवार असू ज्यानं आपल्या बघण्याच्या कार्यक्रमात स्वतःच्याच पोह्यांना नकार दिला, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. ते हसू दाढीत कोणाला दिसलं नाही. दाढीत काहीच दिसत नाही. हीच तर सोय होती.

उज्ज्वलाला मात्र दिसलं. ती जरा पुढं झुकली.

"गालाची कातडी फुटलीय तुमची. रक्त आलंय तिथं. दुखत न्हाई?"

"दुखतं की."

"मग तेल कावून लावताय? तेलानं आणखी कोंडा होतो. साधी पेट्रोलियम जेली लावा."

तीन वर्षांत दाढीकडं हजार माणसांनी बघितलं होतं. दाढीच्या खाली बघणारं हे पहिलंच माणूस. हनुमानला बसल्या जागी काहीतरी झालं. (लक्षणं तापासारखी होती, पण काखेत बाटली नव्हती.)

निघताना उज्ज्वला म्हणाली, "हे बघा, मला घर पटलंय. माणूस पटंल असं वाटतंय, पर अजून दिसला न्हाई. रथसप्तमीला मावशीकडं बैठक ठेवू. चेहरा घेऊन आलात तर सुपारी फोडू. न्हाई तर बीडचं एक स्थळ हाय. त्याला नोकरी न्हाई, शेत न्हाई. पर तोंड हाय."

रथसप्तमीला नऊ दिवस होते.

आता सामान्य वाचकाला वाटेल, यात काय अवघड? न्हाव्याकडं जावं आणि मोकळं व्हावं. राधाकिशनमामांचंही तेच म्हणणं होतं. राधाकिशनमामा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या सलूनचे मालक. हनुमानच्या दाढीकडं ते तीन वर्षं, कुंपणाबाहेरून उसाकडं बघणाऱ्या बैलासारखे बघत होते.

"ये, बस," ते म्हणाले. "लोकांनी इचारलं तर सांग, शेकोटीत जळली. अर्धी तर जळलेलीच हाय."

"मामा, जगानं फ्लेक्स बघितलाय."

"जगानं बघितला असंल. आता फकस्त बगळे बघतेत."

पण हनुमान नियमानं चालणारा माणूस. उपोषणाला बसणारा ते स्वतः सोडत नाही. ज्याच्यासाठी बसला त्यानं येऊन सरबत पाजायचं असतं. तसं दाढीची पहिली बट आण्णांनी स्वहस्ते कापली तरच ती सुटली असं धरता येईल. त्यानं अर्ज लिहिला. 'विषय : दाढी काढण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की, अर्जदाराची दाढी आपल्या नावे असून...' अर्ज आण्णांच्या संपर्क कार्यालयात दिला. पोच मिळाली, आवक क्रमांक मिळाला. तिसऱ्या दिवशी तो चौकशीला गेला तेव्हा तिथल्या माणसानं 'दाढीचं टेबल वेगळं आहे' असं सांगितलं. ते टेबल कुठं आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी कळलं, अर्ज 'पशुवैद्यकीय' गठ्ठ्यात गेला आहे.

शेवटी रथसप्तमीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं दुकान बंद केलं, खिशात नवी कात्री आणि सवयीनं मंडळाचे दोन कोरे अर्ज घेतले आणि मोटारसायकल आण्णांच्या शेतातल्या बंगल्याकडं घातली.

आण्णा अंगणात बाजेवर उन्हात पडले होते. तोंडावर टॉवेल. टॉवेलच्या आत हात घालून ते काहीतरी कराकरा करत होते.

"कोण हाय बे?"

"मी हनुमान, आण्णा. चौसाळ्याचा. दाढीवाला."

"कोणता दाढीवाला? दाढीवाले लई येतेत."

"तुमच्यासाठी ठेवली ती दाढी, आण्णा. तीन वर्षं झाली."

"माझ्यासाठी?" आण्णा टॉवेल तसाच ठेवून उठून बसले. "मी कवा मागितली?"

हनुमान उत्तरासाठी खिशातला अर्ज चाचपू लागला. तेवढ्यात टॉवेल घसरला आणि त्याला उत्तराची गरज उरली नाही. आण्णांच्या चेहऱ्यावर महिन्या-दीड महिन्याची, काळी-पांढरी, खुरट्या बाभळीसारखी दाढी होती. खालची कातडी लालेलाल.

"आण्णा, तुमी बी?"

"मग काय करतो," आण्णा कळवळून म्हणाले. "मुंबईचे साहेब मंत्री होत न्हाईत तोवर ठेवायची असं कबूल करून बसलो सभेत. जिल्ह्यातले समदेच म्हणले, मग मागं कसं राहायचं? पर खाज, बे! चार रात्री डोळा न्हाई. तुझी तर भली मोठी हाय. तू कसं करतोस रं हिवाळ्याचं?"

तीन वर्षांत पहिल्यांदा हनुमानला कोणीतरी त्याच्या विषयातला प्रश्न विचारला होता. पुढं जे झालं ते कोणत्याही तज्ज्ञाच्या हातून होतं तसंच झालं. तो आलेलं काम विसरला. त्यानं पाणी कोमट करायला सांगितलं, जेली मागवली, आण्णांची मान मागं टेकवली आणि हळूहळू, केसांच्या दिशेनं, हनुवटीपासून कानाकडं जेली चोळायला सुरुवात केली. "खाजवायचं न्हाई, आण्णा. थोपटायचं. मफलर सुती घ्यायचा. हुरडा वाऱ्याकडं पाठ करून." आण्णा 'हं... हं...' करत होते. त्यांचे डोळे मिटले. चेहऱ्यावर अशी शांती आली की मत देणाऱ्याला यावी.

"लई बरं वाटलं," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "मी चेअरमन हुतो तवा बी अशी सेवा कोणी केली न्हाई."

हनुमानची बोटं थांबली.

"कवा हुता?"

"जूनमधी की. गुपचूप उरकलं. नऊ जून ते वीस सप्टेंबर. ठरल्यापरमानं मग सोडलं, आता मेव्हणा हाय." आण्णांनी एक डोळा उघडला. "तुमच्या त्या पप्पूनं पेढे वाटले न्हाईत का? तू कावून काढली न्हाईस तवाच?"

हनुमानच्या डोळ्यापुढून सगळा फोटो पुन्हा सरकला. तुळतुळीत गाल. पेढ्याचा बॉक्स. हसू. 'गद्दारांना माफी नाही.' पप्पूचे दोन फोन. जाहीर प्रतिज्ञा पूर्ण झाली होती, मुदतीत झाली होती, सगळ्यांनी ती मुदतीत सोडवली होती. अध्यक्षच तेवढे गटात नव्हते. एकशे चार दिवस दाढी काढायची खिडकी उघडी होती. ती बंद होऊनही चार महिने झाले. 'शेवटची तारीख निघून गेली, आता काही होत न्हाई, मावशी,' हे वाक्य त्यानं दुकानातून आजवर किती बायकांना ऐकवलं असेल त्याचा हिशेब नव्हता. आज पहिल्यांदा ते वाक्य काउंटरच्या बाहेरून कसं ऐकू येतं ते त्याला कळलं. आणि हा तिसरा हिवाळा? तेल, करडई, लोकर, ठिणगी, पोहे? तो सगळाच कोणाच्याच नावावर नव्हता.

"आण्णा, मग पहिली बट तेवढी कापा," तो म्हणाला आणि कात्री पुढं केली. "उद्या माझी सुपारी हाय."

"येडा का खुळा?" आण्णांनी कात्री बाजूला सारली. "एवढी तयार दाढी कापतोस? आमची अजून गहू उगवल्यावानी. हे बघ, माझ्यासाठीची झाली ना? ती साहेबांकडं वर्ग करून टाकू. तीन वर्षांची सेवा धरून! तुला तालुका संयोजक करतो. पुढच्या सभेत स्टेजवर, पहिल्या रांगेत. अन् रोज सकाळी हिकडं ये चोळायला."

आता खरं सांगायचं तर हनुमानला मोह झाला. तालुका संयोजक. नवा फ्लेक्स. कडब्याच्या गंजीलाही नवा हवाच होता. त्यानं हाताकडं बघितलं. दोन्ही हात आण्णांच्या दाढीच्या जेलीनं चमकत होते. मग त्याला आठवलं, ही जेली कोणी सांगितली होती ती.

"आण्णा," तो म्हणाला, "साहेब तुमची दाढी बघतेत का?"

"साहेबांना वेळ कुठं हाय, बे?"

हनुमाननं हातावरची उरलेली जेली स्वतःच्या फुटलेल्या गालाला लावली, कात्री उचलली आणि मोटारसायकल चालू केली.

सलूनमध्ये राधाकिशनमामांनी नुसतीच खुर्ची झटकली. कात्रीनं पाऊण तास गेला, वस्तऱ्यानं अर्धा. खाली पडलेल्या ढिगात तीळ चार, लोकर मूठभर, हुरडा बेतानं, आणि पहिल्या हिवाळ्यात हरवलेलं पेनाचं टोपण निघालं. बाकावर एक जण पेपरमागं तोंड झाकून बसला होता. पेपर हसत होता.

"पप्पू हायस ना बे तू?" हनुमान आरशातून म्हणाला.

पेपर खाली आला. "आमाला वाटलं, तुला श्टाइल आवडली. म्हणलं, अध्यक्ष हाय, कशाला इचारा."

"मी तुला गद्दार लिवलंय वहीत. लाल पेनानं."

"मग हिरव्यानं खोड की."

वस्तरा उचलला गेला. सगळ्यांनी आरशात बघितलं. वरचा अर्धा चेहरा काळा सावळा, खालचा अर्धा उसाच्या आतल्या पेरासारखा पांढरट. हनुवटी होती, पण कार्यालयीन कामापुरतीच. "तीन वर्षं हीच झाकून ठेवलीती व्हय!" राधाकिशनमामा म्हणाले आणि त्यांनी प्रेमानं तुरटी फिरवली. बाहेर आल्यावर गार वारा गालाला असा लागला की हनुमानच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी दगडाबाईंनी त्याला दारातच 'हनुमान दुकानाला गेलाय' असं सांगितलं. दुकानातल्या अर्ज भरायच्या मशीननं लॉगिनसाठी चेहरा ओळखायला नकार दिला आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं कळवलं.

दुसऱ्या दिवशी शिरूर कासारला मंजुळाबाईंच्या ओसरीवर अकरा माणसं जमली. फडावरून आई-वडील फोनवर होते; मागं उसाच्या गाडीचा आवाज येत होता. उज्ज्वला बाहेर आली, समोर बसली आणि पुरतं मिनिटभर बघत राहिली.

"हं," ती म्हणाली. "जेली लावली का?"

"लावली."

"मग फोडा सुपारी."

सुपारी फुटली. फोनवरून तिची आई रडली, वडील 'सिग्नल न्हाई, सिग्नल न्हाई' म्हणत रडले. मग पेढे फिरले. हनुमाननं पहिला पेढा उज्ज्वलापुढं धरला. तिनं मान हलवली.

"मी गोड सोडलंय."

"कावून?"

"परमनंटची ऑर्डर येत न्हाई तोवर. सहा वर्षं झाली."

पेढा मंजुळाबाईंकडं गेला. त्यांनी अवर्षणाच्या साली गावाला नळ येईपर्यंत म्हणून गोड सोडलं होतं. उज्ज्वलाच्या मामांनी बायपासमध्ये गेलेल्या शेताचा मोबदला मिळेपर्यंत दूध आणि दुधाचं काहीही सोडलं होतं. शेजारचे गुरुजी बदली होईपर्यंत कोणाच्या घरचं खात नव्हते. पेढ्याचं ताट अख्ख्या ओसरीवर फिरून, जसं भरलेलं गेलं तसं भरलेलंच परत आलं, आणि बबनरावांनी वर्षातलं दुसरं वाक्य उच्चारलं : "मग मीच खातो."

"लग्नाची तारीख?" कोणीतरी विचारलं.

"ऑर्डर आल्यावर," उज्ज्वला म्हणाली.

हनुमाननं गालावरून हात फिरवला. तिथं काही नव्हतं. मग त्यानं खिशातून कोरा अर्ज काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं वाचला. 'काय वाढवणार अथवा काय सोडणार. कोणासाठी. कधीपर्यंत.' आधी ती हसली. मग पेन मागताना थांबली. मग म्हणाली, "तुमी जरा त्या हापिसात चौकशी करून या ना. ऑर्डरी निघाल्यात का, ते. मी आजवर विचारलंच न्हाई कोणाला. म्हणलं, आली की कळंलच."

हनुमान सोमवारी बीडला जाणार आहे. तोवर मंडळाचे चारशे सत्त्याऐंशी कोरे अर्ज माळ्यावर आहेत (एक उज्ज्वलाकडं राहिला, एक गुरुजींनी मागून घेतला). दाढीची अट शिथिल करण्यात आली आहे. स्त्री-पुरुष, नोकरदार, निवृत्त, कोणीही चालेल. अर्जदारानं स्वतःचं काहीतरी, कोणीतरी काहीतरी होईपर्यंत, थांबवून ठेवलेलं असावं एवढंच. 'आपला यात काही संबंध नाही' असं वाटून जे वाचक इथवर हसत आले, त्यांनी सोबत दोन फोटो आणावेत. रकाने आपले आपण भरता येतात. फक्त पाचवा भरण्याआधी एक करावं : आपले आण्णा जूनमध्येच होऊन गेलेले नाहीत ना, एवढं कोणाला तरी फोन करून विचारावं. आणि फोन आला, तर घ्यावा.